पाचवी हाक

श्रोतेहो, सलाम.

31 डिसेंबरची रात्र आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कशी असते, ते आधी सांगतो. दहाच्या सुमारास उपासना सुरू होते. बाराला घंटा वाजते, सगळे एकमेकांना शुभेच्छा देतात, मुलं फटाक्यांसाठी बाहेर पळतात आणि मग रांगांमधून एक स्टीलचं ताट फिरतं. ताटात पवित्र शास्त्रातल्या वचनांच्या चिठ्ठ्या असतात. प्रत्येकाने एक उचलायची. हे देवाने तुम्हाला नव्या वर्षासाठी दिलेलं वचन. पुष्कळ जण ती चिठ्ठी वर्षभर पाकिटात ठेवतात, काही जण देवघरातल्यासारखी कपाटाच्या आरशाला चिकटवतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या पुढच्या बाकावर एक वयस्कर काका बसले होते. त्यांनी चिठ्ठी उचलली, चष्मा कपाळावर चढवून वाचली, इकडेतिकडे पाहिलं, हळूच परत ताटात टाकली आणि दुसरी घेतली. बाहेर चहा घेताना मी विचारलं, "काका, पहिल्या चिठ्ठीत काय होतं?" ते म्हणाले, "अरे, 'जगात तुम्हांला क्लेश होतील' असं निघालं. वर्षाच्या पहिल्याच मिनिटाला कशाला?" त्या वचनाच्या पुढच्या अर्ध्या भागात प्रभू येशू 'धीर धरा' म्हणतो. पण काका तिथवर पोचलेच नव्हते.

मी तेव्हा हसलो. आज हसू येत नाही, कारण चिठ्ठी बदलायची ही सवय माझ्यातही आहे. फक्त मी ती अशी चारचौघांत बदलत नाही.

'देव माझ्याशी बोलला' हे वाक्य आम्हा ख्रिस्ती लोकांच्या तोंडी फार सहज येतं. साक्ष देताना येतं, मुलीला स्थळ पाहताना येतं, पाळकाशी भांडण झालं की मंडळी बदलतानाही येतं. एखाद्या तरुणाने प्रार्थनासभेतल्या मुलीला 'देवाने मला दाखवलंय, आपलं लग्न होणार' असं सांगितल्याचे किस्से तुम्हीही ऐकले असतील. बिचारीने करायचं काय? नाही म्हणावं तर देवालाच नाही म्हटल्यासारखं. देव बोलतो, याविषयी मला शंका नाही. तो बोलत नसता तर मी या माइकसमोर बसलोही नसतो. माझा प्रश्न आपल्या कानांविषयी आहे. ऐकलेलं त्याचंच, हे ओळखायचं कसं?

यासाठी मी नेहमी शिलोच्या मंदिरातल्या त्या मुलाकडे जातो. शमुवेलाची गोष्ट संडेस्कूलमध्ये आपण सगळ्यांनी ऐकली आहे. दिवा अजून विझलेला नाही, म्हातारा याजक एली आपल्या जागी निजलाय, त्याची नजर मंद झाली आहे. मुलगा देवाच्या कोशाजवळ, म्हणजे कराराच्या पवित्र पेटीजवळ, झोपलाय. हाक येते. मुलगा उठून धावत एलीकडे जातो, "हा मी, तुम्ही मला बोलावलंत." एली म्हणतो, "मी नाही बोलावलं, जा, झोप." असं तीनदा होतं.

लहानपणी मला वाटायचं, हा मुलगा जरा भोळाच आहे. पण पाहा, देवाची हाक त्याला एलीच्या आवाजासारखी वाटली. गडगडाट नाही, प्रकाश नाही. रोज 'पाणी आण', 'दिवा लाव' असं सांगणारा ओळखीचा आवाज. ज्या घरात आपण वाढतो, ज्या माणसांचं ऐकत मोठे होतो, त्यांच्याच आवाजाच्या सुरात देवाची हाक आपल्याला ऐकू येते. म्हणून तर गोंधळ होतो. वडिलांचा धाक, आईची काळजी, पाळकाचं मत, स्वतःची हौस, हे सगळे आवाज आत राहायलाच असतात आणि सगळे आपलं नाव घेऊन हाक मारतात.

दुसरी गोष्ट अशी की ती हाक कोणाची हे शमुवेलाला कळलं नाही, ते कळलं एलीला. तेही तिसऱ्या वेळी. आणि हा एली कोण? याच शमुवेलाची आई, हन्ना, मूल व्हावं म्हणून मंदिरात रडत प्रार्थना करत होती, तेव्हा तिचे ओठ हलताना पाहून ती दारू पिऊन आली आहे असं समजणारा. म्हणजे आईची खरी प्रार्थना ज्याला ओळखता आली नाही, त्यानेच लेकराला देवाची वाणी ओळखून दिली. मला ही जागा फार आवडते. आपल्या मंडळीतले वडीलधारे चुकतात, हे आपल्याला चांगलंच माहीत असतं. तरी त्यांना विचारावं लागतं.

तिसरी एक बारीक गोष्ट आहे, वाचताना सहज निसटते. एलीने शिकवलं होतं, "हे परमेश्वरा, बोल, तुझा दास ऐकत आहे, असं म्हण." चौथ्या हाकेला शमुवेल म्हणतो, "बोल, तुझा दास ऐकत आहे." 'परमेश्वरा' हा शब्द त्याने गाळला. टीकाकार याचे वेगवेगळे अर्थ लावतील. मला वाटतं, पोराला अजून खात्री नव्हती. खात्री नसताना त्याने ती असल्याचं भासवलं नाही, आणि ऐकायचंही थांबवलं नाही.

आता माझ्या घरातली एक गोष्ट.

पप्पांना पित्ताशयात खडे झाले होते. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तारीख ठरली. त्याच आठवड्यात आमच्या गावी तीन दिवसांच्या उपास-प्रार्थना होत्या. बाहेरगावचे एक बंधू आले होते. त्यांनी पप्पांच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "प्रभू म्हणतो, या शरीराला सुरी लागणार नाही." लोक 'हालेलुया' म्हणाले. मम्मी रडली. पप्पांनी ऑपरेशन रद्द केलं.

खरं सांगायचं तर सर्वांत आधी सुटलो मी. ऑपरेशनचे पैसे जमले नव्हते. सोसायटीचं कर्ज काढायचं की कोणाकडे हात पसरायचा, या विचाराने मला झोप येत नव्हती. 'सुरी लागणार नाही' हे ऐकताच छातीवरचा दगड उतरला, आणि त्या हलकेपणालाच मी शांती समजलो. 'बघा, देवाने शांती दिली,' असं मी दोघा-तिघांना सांगितलंसुद्धा.

आमच्या गल्लीत एक आजी राहायच्या. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी बायबल वुमन म्हणून उभा जन्म काढला होता. त्या घरी आल्या, प्रार्थना केली, चहा घेतला, आणि उठता उठता मला म्हणाल्या, "बाळा, ते बंधू म्हणाले ते म्हणाले. पण रात्री दुखायला लागलं तर दवाखान्यात तुझ्याबरोबर कोण बसणारे, ते की मी?" मला राग आला. म्हातारीचा विश्वास कमी आहे असं वाटलं.

महिन्याभरात एका रात्री पप्पा जमिनीवर लोळायला लागले. खडा नळीत अडकला होता, डोळे हळदीसारखे पिवळे झाले. मी त्या बंधूंना फोन लावला. ते दुसऱ्या जिल्ह्यात होते. म्हणाले, "कुठेतरी विश्वास कमी पडला असेल, बंधू. आम्ही प्रार्थना करतो." तीन दिवसांत आटोपलं असतं त्या कामाला अकरा दिवस लागले आणि खर्च तिप्पट झाला. पप्पा वाचले. आजी पहिल्या रात्री वॉर्डाबाहेर प्लास्टिकच्या स्टुलावर बसून होत्या, मांडीवर डबा घेऊन. मला एक शब्द बोलल्या नाहीत.

त्या बंधूंनी मुद्दाम फसवलं असं मी म्हणत नाही. त्यांनाही तसं वाटलं असेल. पण आजींच्या प्रश्नाने मला पुढे एक जागा उलगडून दिली. यिर्मया संदेष्ट्याची.

यरुशलेमेत सिद्कीया राजाच्या चौथ्या वर्षी हनन्या नावाचा संदेष्टा उभा राहिला. यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू होतं, बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, सत्तेखाली वाकावं लागणार याची खूण म्हणून. हनन्या मंदिरात, याजकांसमोर, सर्व लोकांसमोर म्हणाला, "परमेश्वर म्हणतो, दोन वर्षांत सगळं परत येईल, पात्रं, राजा, धरून नेलेली माणसं." सुरुवात तीच, 'परमेश्वर म्हणतो'. लोकांना हवं तेच. यिर्मयाने काय केलं? "आमेन," म्हणाला, "परमेश्वर असंच करो." तो खरोखर म्हणाला की टोमणा होता, कोण जाणे, पण मला तरी त्यात दुःख ऐकू येतं, कारण त्याच्याही मनाला तेच हवं होतं. मग हनन्याने त्याच्या मानेवरचं जू काढून मोडलं. आणि यिर्मया निघून गेला. एवढंच लिहिलंय. उलट उत्तर त्याच्याकडे त्या क्षणी नव्हतं, आणि त्याने ते तयार केलं नाही. नंतर वचन आलं तेव्हा तो परत गेला. आज व्यासपीठावर माइक हातात असताना 'मला अजून काही सांगायला मिळालेलं नाही' असं म्हणून खाली उतरणारा वक्ता मी पाहिलेला नाही. मी स्वतःही उतरलेलो नाही.

आता त्याच माणसाकडे सहा वर्षांनी पाहा. बाबेलच्या सैन्याने शहराला वेढा दिला आहे. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. त्याला आतून असं कळतं की चुलतभाऊ हनामेल येईल आणि म्हणेल, "अनाथोथमधलं माझं शेत विकत घे." ज्या जमिनीवर शत्रूचे तंबू ठोकलेत ते शेत! आणि हनामेल खरोखर येतो. त्यावर यिर्मया लिहितो, तेव्हा मला समजलं की हे परमेश्वराचं वचन होतं. तेव्हा! म्हणजे आधी ते ऐकलं तेव्हा त्यालाही पक्कं नव्हतं. एवढा मोठा संदेष्टा, आयुष्य त्याच कामात गेलेलं, आणि दारात माणूस उभा राहीपर्यंत तो थांबला.

मग त्याने 17 शेकेल रुपं तोलून दिलं. आजच्या मापाने 200 ग्रॅमच्या आतबाहेर चांदी. खरेदीखत केलं, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, एक प्रत मोहरबंद, एक उघडी, दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्याकडे दिल्या आणि मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितल्या, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. तलाठ्याच्या कचेरीत हेलपाटे घातलेल्या कोणालाही हा अध्याय आपला वाटेल. आणि गंमत अशी की सगळे कागद झाल्यावर तो प्रार्थनेत देवाला विचारतो, शहर तर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती जातंय आणि तू म्हणतोस शेत विकत घे? आज्ञा पाळल्यावरही त्याला प्रश्न उरले होते.

आजींनी मला जे विचारलं होतं ते मला इथे सापडलं. ती वाणी बोलताना हनन्याला त्या क्षणी काहीही मोजावं लागलं नाही. यिर्मयाने ऐकलेल्या वाणीचे पैसे यिर्मयाच्या कनवटीतून गेले. मी आता कोणी 'प्रभू म्हणतो' असं म्हणालं की मनातल्या मनात बघतो, याची किंमत कोण भरणार आहे? बोलणारा की ऐकणारा? आणि ऐकणारा मी असेन, तर ही वाणी मला आधीच हव्या असलेल्या गोष्टीची पावती तर नाही ना? हे काही शंभर टक्के चालणारं माप नव्हे. देव कधी कधी आपल्याला हवं तेच देतो, त्यात वावगं काही नाही. फक्त तिथे मी थोडा जास्त वेळ थांबतो.

शहर पडल्यावर उरलेले लोक यिर्मयाकडे आले आणि म्हणाले, आमच्यासाठी देवाला विचार, बरं असो की वाईट, आम्ही ऐकू. उत्तर यायला दहा दिवस लागले. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, जाऊ नका, असं उत्तर आलं. ते म्हणाले, "तू खोटं बोलतोस." कारण मिसराची वाट त्यांनी आधीच धरली होती. तिकीट काढून झाल्यावर प्रार्थना विनंती देणारे आपणच की!

आपल्या मातीतलं एक उदाहरण सांगतो. पंडिता रमाबाईंचं. 1896-97 ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या पुण्यात शारदा सदन चालवत होत्या. पैसा मर्यादित, जागा मर्यादित. विधवा मुलींच्या शिक्षणाचं काम हातात होतंच, आणखी ओझं घेण्याचं काही कारण नव्हतं. पण वीसेक वर्षांपूर्वीच्या दुष्काळात त्यांनी स्वतः उपास काढले होते, आई, वडील, बहीण डोळ्यांदेखत गेले होते. ती आठवण त्यांना बसू देईना. त्या निघाल्या, दुष्काळी भागातून शेकडो मुली घेऊन आल्या. आणि पुण्यात पोचतात तो प्लेगची बंधनं, नव्या माणसांना ठेवायला मनाई. आता कोणी म्हणेल, दार बंद झालं म्हणजे देवाची इच्छा नव्हती. रमाबाईंनी तसा अर्थ काढला नाही. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला त्यांनी आधी जमीन घेतलेली होती. मुलींना तिथे नेलं, झोपड्या उभारल्या, आणि त्यातून मुक्ती मिशन उभं राहिलं. बंद दार हे उत्तर असतंच असं नाही. प्रेषित पौलालाही आशिया आणि बिथुनिया या प्रांतांत जाऊ दिलं नाही, तेव्हा तो घरी न परतता त्रोवसापर्यंत चालत गेला, आणि मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त तिथे झाला. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला, पण अर्थ लावताना प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात एकदम 'आम्ही' येतं. सोबत्यांनी मिळून अनुमान काढलं.

रमाबाईंची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी 'वडीलधाऱ्यांना विचारा' एवढंच सांगून मोकळा झालो असं होईल. 1883 ला इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेरल्डीन त्यांच्या धर्ममाता. पुढे दोघींचा पत्रव्यवहार चांगलाच तापला. चर्चची शिकवण जशी सांगितली तशी स्वीकार, असा आग्रह एका बाजूने, आणि मला देवाने विवेक दिलाय, बुद्धी दिलीय, ती मी दुसऱ्याच्या हाती देणार नाही, हे रमाबाईंचं म्हणणं दुसऱ्या बाजूने. पुरोहितांच्या जोखडातून सुटून आलेली बाई, पुन्हा तेच करायला तयार नव्हती. ज्यांनी पाण्यातून वर काढलं त्यांनाच नम्रपणे 'नाही' म्हणायचं! सोपं नव्हतं. शमुवेलानेही एलीला विचारलं खरं, पण जे ऐकलं ते एलीच्याच घराण्याविरुद्ध होतं.

आणि शेवटची जवळजवळ अठरा वर्षं या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणण्यात घालवली. त्यांच्या मुलींनी केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवले. 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. पूर्ण ग्रंथ 1924 ला बाहेर पडला. देवाची वाणी ऐकायची असेल तर ती आधी कळेल अशा भाषेत समोर असायला हवी, हे त्यांना कळलं होतं. आपल्याकडे दृष्टान्ताची भूक मोठी, आणि शास्त्रातलं लेवीय किंवा हबक्कूक हे पुस्तक उघडायचा कंटाळा. जो माणूस एखाद्याची पत्रं कधी वाचत नाही, त्याला फोनवर त्याचा आवाज कसा ओळखू येणार? मेंढरं माझी वाणी ऐकतात, असं प्रभू म्हणाला. आमच्या नगरकडच्या धनगरांच्या मेंढ्या पाहिल्यात ना? पाण्यावर दोन कळप मिसळले तरी आपापल्या धनगराच्या हाकेला बरोबर वेगळ्या होतात. ते कानाचं शिक्षण एका दिवसाचं नसतं, रोज त्याच्या मागे चालल्याने ते होतं.

कॅथलिक श्रोत्यांना इग्नेशियस लोयोला माहीत असतील. 1521 ला पांपलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, महिनोन्‌महिने अंथरुणावर. शौर्याच्या कथा वाचायला मागितल्या, मिळाली ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं. पडल्यापडल्या ते दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचे. दरबारातल्या मानाची स्वप्नं पाहताना मजा यायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगण्याचे विचार मात्र संपल्यावरही गोडी ठेवून जायचे. त्या मागे उरणाऱ्या चवीवरून त्यांनी आत्म्यांची पारख, म्हणजे मनातली कोणती प्रेरणा देवाची आणि कोणती नाही हे ओळखणं, शिकवली. त्यांच्याच येशूसंघातले फ्रान्सिस झेवियर 1542 ला गोव्यात उतरले. मी प्रोटेस्टंट माणूस, पण ही चवीची गोष्ट मी निःसंकोच उचलली आहे. पप्पांच्या वेळी मला जे वाटलं, ती सुटका होती. चार दिवसांनी तिची चव पाहिली असती तर खाली भीती तशीच होती.

त्यामुळे आता मी काय करतो, विचाराल तर फार काही नाही. ऐकल्यासारखं वाटलं तर तारीख घालून वहीत लिहितो. कोणाला लगेच सांगत नाही. दोन माणसांना विचारतो, त्यातला एक तरी माझ्या हो ला हो न म्हणणारा. आजी होत्या तोवर त्या होत्या. वहीतल्या निम्म्या नोंदी महिन्याभरात माझ्याच मला हसवतात. काही मात्र तशाच उभ्या राहतात, खोडावंसं वाटत नाही.

शिलोला परत जाऊन थांबतो. त्या रात्री शमुवेलाने जे ऐकलं ते भयंकर होतं. ज्याने वाढवलं त्याच्याच घराचा न्याय. मुलगा सकाळपर्यंत पडून राहिला, शास्त्रात लिहिलं नाही की झोपला का. मग उठून त्याने रोजचं काम केलं, परमेश्वराच्या घराची दारं उघडली. सांगायला तो घाबरत होता. तेवढ्यात हाक आली, "शमुवेला, माझ्या मुला." रात्रीपासूनची ही पाचवी हाक, आणि या वेळी ती खरोखरच एलीची होती. शमुवेलाने रात्री दिलेलंच उत्तर दिलं. मूळ हिब्रूत तो एकच शब्द आहे, हिन्नेनी. हा मी. आणि त्याने म्हाताऱ्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

सलाम.